रिकामं करण्याची शर्यत

संग्राम भोईटे चमच्याने वाटीचा तळ खरवडत होता आणि खरवडता खरवडता त्याने नऊशे मुलामुलींची स्पर्धा तीन महिने पुढे ढकलली. केंजळे गुरुजी समोर बसून ते बघत होते. वाटीत राखाडी रंगाचं, दह्यासारखं काहीतरी होतं, कुठल्याशा प्रयोगशाळेत विरजलेलं. संग्रामने त्यांच्यापुढेही एक वाटी सरकवली होती. गुरुजींनी तिला हात लावला नव्हता.

"एकोणीस वर्षांखालील राज्य स्पर्धा आता नऊ ऑगस्टला," संग्राम म्हणाला. "अठरा मे रद्द. माझ्या हातात काही नाही, गुरुजी. वरून आलंय."

संग्राम हा राज्य धावपटू मंडळाचा सचिव, आणि पंचवीसेक वर्षांपूर्वीचा गुरुजींचा विद्यार्थी. माण तालुक्यातल्या खडकवस्तीच्या शाळेत गुरुजींनीच त्याला अनवाणी पळायला शिकवलं होतं. आता त्याच्या टेबलाखाली बुटांचे तीन जोड होते आणि एकालाही माती लागलेली नव्हती.

"वरून म्हणजे कुठून?"

"विश्वक्रीडा पुढे गेली ना."

ते तर साऱ्या जगाला ठाऊक होतं. विश्वक्रीडा ज्या बंदराच्या शहरात मे महिन्यात व्हायची होती, तिथल्या हवामानयंत्रांनी मार्चमध्येच सांगून टाकलं होतं की त्या पंधरवड्यात तिथली ओली उष्णता माणसाला सोसवणार नाही. हवेत बाष्प इतकं असणार की घाम सुकायचाच नाही, आणि घाम सुकला नाही की शरीर निवत नाही. धडधाकट माणूस सावलीत नुसता बसून राहिला तरी काही तासांत कोसळतो. म्हणून विश्वक्रीडा ऑक्टोबरात गेली. इथपर्यंत कोणी तक्रार करावी असं काही नव्हतं. पण त्यामुळे ऑक्टोबरातली आंतरखंडीय स्पर्धा फेब्रुवारीत सरकली, फेब्रुवारीतली राष्ट्रीय स्पर्धा जुलैत ओढावी लागली, जुलैतली विद्यापीठांची स्पर्धा रद्दच झाली. रांगेतल्या पहिल्या माणसाने एक पाऊल मागे टाकलं की शेवटचा गटारात पडतो, तसं चाललं होतं. शेवटी उभी होती ती नेहमीप्रमाणे खेड्यापाड्यातली पोरं.

"पण मग मे तर मोकळाच झाला," गुरुजी म्हणाले. "मैदान मोकळं, पंच मोकळे. आमच्या पोरांना का हुसकावता?"

"मोकळं कुठलं? मे महिन्यात आम्हाला राष्ट्रीय संघ रिकामा करायचाय."

रिकामा करायचाय, हे शब्द त्याने चमचा तोंडात ठेवूनच उच्चारले. गुरुजींना एकदम सरकारी दवाखान्यातली, खाटेखालची भांडी आठवली.

या रिकामं करण्यामागे एक शोध होता, आणि तो मुळात वाईट नव्हता. दिवसरात्रीच्या घड्याळासारखं माणसाच्या स्नायूंच्या पेशींत वर्षाचंही एक घड्याळ असतं, हे नऊ-दहा वर्षांपूर्वी सिद्ध झालं. बाळ जन्मतं त्या दिवसांत उजेड किती तास असतो, त्यावरून त्या घड्याळाचे काटे लागतात आणि मरेपर्यंत तसेच फिरत राहतात. वर्षातून एकदा, दहा-बारा दिवस, ते शरीर आपल्या सगळ्यात चांगल्या जागी येतं. त्याला शिखर म्हणायचं. पौषात जन्मलेल्याचं शिखर वैशाखाच्या आगेमागे येतं, जूनमध्ये जन्मलेल्याचं दिवाळीच्या सुमाराला. रक्ताच्या एका थेंबावरून काटे कुठे आहेत ते कळतं, म्हणजेच माणूस कुठल्या पंधरवड्यात जन्मला तेही कळतं.

हे कळल्यावर माणसं गप्प बसतात थोडीच. दंडात कातडीखाली एक चकती बसवायची, तिच्यातून पाच महिने थेंबथेंब औषध पाझरू द्यायचं, की काटे सरकतात आणि शिखर हव्या त्या तारखेला आणता येतं. झाडून सगळ्या देशांनी आपल्या खेळाडूंची शिखरं मे महिन्यावर लावून ठेवली होती, आणि मे महिन्यात तर स्पर्धाच उरली नाही. आता तीच शिखरं ऑक्टोबरावर न्यायची तर आधी असलेलं वापरून संपवावं लागतं. त्याशिवाय नवी चकती लागू पडत नाही. आणि ते सरावात संपत नाही. खांद्याला खांदा लावून पळणारा प्रतिस्पर्धी लागतो, गर्दी लागते, हरण्याची भीती लागते, आणि शेवटच्या फेरीत जिंकल्याची उसळी लागते. तेव्हा कुठे घड्याळ मोकळं होतं. मग तीन महिने ओहोटी, आणि त्यानंतर पुन्हा भरती.

"सत्तर खेळाडू आहेत. रोज दोन शर्यती धरल्या तरी मे पुरत नाही," संग्राम म्हणाला.

"आणि मंजुळा?"

गुरुजी खडकवस्तीहून पहाटेची गाडी धरून आले होते ते यासाठी. मंजुळा लवटे ही मेंढपाळ बिरा लवटेची मुलगी, पाच हजार मीटर पळणारी. निवृत्तीनंतरची सहा वर्षं गुरुजींनी तिच्यामागे घालवली होती. राज्यात पहिल्या दोघींत आली की वनरक्षकाची नोकरी खेळाडूंच्या राखीव जागेतून थेट मिळत होती. नाही आली तर दिवाळीनंतर मेंढरांमागे कोकणात उतरायचं, हे ठरलेलं होतं. बापाने एवढं एकच वर्ष दिलं होतं. कागदावर मंजुळाची जन्मतारीख होती एक जून. म्हणजे अठरा मेला ती एकोणीसच्या आत होती आणि नऊ ऑगस्टला बाहेर.

"वय बसत नाही," संग्राम म्हणाला. "नियम आहे."

"पण ती जूनमधली नाहीये, संग्राम. तुला ठाऊक आहे."

संग्रामला ठाऊक होतं, कारण खडकवस्तीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. मेंढपाळांची पोरं वाटेवर जन्मतात, कधी वरंधा घाटाच्या उतारावर, कधी महाडच्या भातखाचरात. दाखला कोण देणार? बाप पोराचं बोट धरून शाळेत येई आणि म्हणे, मांडा काय ती तारीख. जूनमध्ये सहा पुरी नसतील तर पोर पहिलीत घेता येत नसे, आणि त्या वर्षी घेतलं नाही की ते मेंढरांमागे गेलं ते गेलंच. मग गुरुजी एक जून लिहीत. सहा वर्षं पूर्ण. त्रेचाळीस पोरं त्यांनी अशी एका दिवशी जन्माला घातली होती आणि त्याचा त्यांना अभिमान होता. मंजुळा खरी पौषातली. पोरगी दरवर्षी मे महिन्यातच वाऱ्यासारखी का पळते, याचं उत्तर त्या शोधाने त्यांना आयतं दिलं होतं.

"रक्त तपासा. खरं वय कळेल. ऑगस्टातसुद्धा ती साडेअठराचीच असणार," गुरुजी म्हणाले.

संग्रामने वाटी बाजूला ठेवली, टेबलावरच्या पडद्यावर नियमावली उघडली आणि एक कलम वाचून दाखवलं. जन्मतारीख बदलून वय कमी करू पाहणारा खेळाडू चौकशी होईपर्यंत वर्षभर बाद. मात्र ज्याने मुळात खोटी नोंद केली त्याने स्वतः लेखी कबुली दिली, तर खेळाडूला दोष नाही आणि त्याचं खरं वय धरलं जातं. कारवाई नोंद करणाऱ्यावर, आणि शाळेचं अख्खं जनरल रजिस्टर तपासणीला.

"अख्खं," संग्राम पुन्हा म्हणाला आणि गुरुजींकडे बघत राहिला.

गुरुजींनी मान खाली घातली. त्या रजिस्टरात त्रेचाळीस ठिकाणी एक जून होताच, पण त्या पोरांच्या कितीतरी आधीच्या पानावर संग्रामही होता. भोईट्यांची मेंढरं नव्हती. संग्रामच्या आईने पोराचा रीतसर जन्मदाखला आणून दिला होता. पण चौदा वर्षांखालच्या स्पर्धेच्या वर्षी पोरगा चौदा महिन्यांनी मोठा भरत होता, आणि गुरुजींना शाळेसाठी एक तरी राज्यपदक हवं होतं. त्यांनी खोडरबराने तारीख खोडली आणि दुसरी लिहिली. पदक आलं. त्या पदकावर संग्राम क्रीडा प्रबोधिनीत गेला, मग नोकरीत, मग या खुर्चीत. आणि गुरुजींना आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाला. तो भिंतीवर आहे.

"मी दुसरा मार्ग सांगतो," संग्राम म्हणाला. आवाज अगदी मऊ. "अन्विता देसाईला अठरा मेला रिकामी करायचीय. आपलं पाच हजार मीटरचं पदक म्हणजे अन्विता. तिला शेवटपर्यंत रेटणारं कोणीतरी हवं. यंत्राने तुमच्या मंजुळाचं नाव काढलंय. मागच्या शिबिरात रक्त घेतलं होतं ना, तेव्हा काटे दिसलेत. ती अन्विताबरोबर पळेल, शेवटच्या शंभर मीटरला मागे राहील. जिंकल्याशिवाय अन्विता रिकामी होत नाही. एवढं केलं की ऑगस्टसाठी वयाची सूट मी माझ्या सहीने देतो. रजिस्टर उघडायला नको, कोणाला काही नको."

"म्हणजे मुद्दाम हरायचं."

"ती शर्यत नाहीये, गुरुजी. कागदोपत्री वैद्यकीय उपचार आहे. उपचारात कसली हारजीत?"

गुरुजी उठले. जिना उतरताना त्यांना स्वतःच्या तोंडात ते दही असल्यासारखं वाटत होतं. थुंकावंसं वाटलं, पण जिना फार स्वच्छ होता. आणि खरी किळस याची होती की नाही म्हणायचं त्यांनी ऐनवेळी टाळलं होतं.

---

बिरा लवटेचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, खडकवस्तीच्या माळावर पडला होता. मेंढरं चार दिवसांपूर्वी कोकणातून वर आली होती. सकाळी आठालाच ऊन चावत होतं आणि बिरा कोकरांच्या कानांतल्या गोचिड्या काढत बसला होता. मंजुळा पंधरा किलोमीटर पळून येऊन हंड्यातलं पाणी डोक्यावर ओतत होती.

"या गुर्जी," बिरा म्हणाला. "झाली का पोरगी फारेस्ट? म्या ह्या मेंढरास्नी सांगून ठिवलंय, आता घरच्याच मान्सानं पावती फाडायची. तुमास्नी बी रानात शेळी बांदू द्यायची न्हाय ती."

त्याचा हा विनोद गावाला पाठ होता. जन्मभर वनखात्याच्या माणसांशी भांडलेल्या माणसाला आपली पोरगी त्याच गणवेशात बघायची होती, आणि ते सरळ सांगायची लाज वाटत होती.

गुरुजींनी सगळं सांगितलं. विश्वक्रीडा, ऑगस्ट, वय, अन्विता. सगळं, म्हणजे कबुलीचं कलम सोडून. ते ओठांवर आलं होतं. मग त्यांना रजिस्टराचं ते जुनं पान दिसलं, खोडलेल्या जागी कागद पातळ झालेला. ते पुढे बोललेच नाहीत.

"एक जूनची न्हाय ओ ती," बिरा म्हणाला. "पौषातली हाय. वरंध्याखाली पाल टाकलेलं. त्या दिशी एक मेंढी बी व्याली. म्या तवा बी सांगितलं व्हतं तुमास्नी."

"सांगितलं होतंस."

"मग तुमी बऱ्यासाठीच केलं की. न्हायतर ती आज शाळंत कुठली गेली असती?"

हे ऐकून गुरुजींना बरं वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही.

मंजुळा केस पिळत जवळ आली. ती कमी बोलणारी पोरगी. बोलायची तेव्हा समोरच्याच्या पायांकडे बघून बोलायची, जणू तोही पळणार आहे.

"मागं ऱ्हायचं?"

"शेवटचे शंभर मीटर फक्त."

"आन मी म्होरं असले तर?"

"तरीही."

तेवढ्यात एका कोकराने तिच्या ओल्या पायाला तोंड लावलं, ते तिने हलकेच बाजूला केलं.

"ऑगस्टात खरं पळाया गावंल न्हवं, गुर्जी?"

"मिळेल. सहीचं पत्र देतोय तो."

"तुमी म्हनताय तर पळते."

तुम्ही म्हणताय तर. सहा वर्षं ही पोरगी एवढ्या एका वाक्यावर पळत आली होती. गुरुजींनी चहाही घेतला नाही, माळ उतरून सरळ घर गाठलं. घरी पुरस्काराच्या फ्रेमकडे न बघता ते पाणी प्यायले.

---

अठरा मेला सकाळी साडेसहाला पुण्याच्या त्या मोठ्या क्रीडासंकुलात चाळीस हजार खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि चाळीस हजार माणसं ओरडत होती. गर्दी कर्ण्यांतून येत होती. मागच्या कुठल्यातरी सामन्यातला जल्लोष ध्वनिमुद्रित करून त्यात अन्विताच्या नावाचा घोष मिसळला होता. दर काही मिनिटांनी तीच शिट्टी, तीच आरोळी, तोच एका बाईचा खोकला. खऱ्या माणसांना आत सोडलेलं नव्हतं. उपचाराला कोण प्रेक्षक बोलावतं?

अन्विता देसाईला तिघे जण धरून आणत होते. एक नाडी बघत होता, एक दंडावरची चकती पुसत होता, तिसऱ्याने तिच्या तोंडापुढे बादली धरली होती. शिखरावर आणलेल्या शरीरात कधीकधी अन्न टिकत नाही म्हणे. बावीस-तेवीसची पोरगी ओकत होती आणि तिसरा माणूस बादलीत वाकून किती पडलं ते बघत होता. प्रदर्शनातल्या म्हशीलाही याहून जास्त मान देतात. तिने तोंड पुसलं, मंजुळाकडे बघून कसनुसं हसली. मंजुळाने आपल्या बाटलीतलं पाणी तिला दिलं, तर एकाने ते झडप घालून काढून घेतलं.

मंजुळाच्या छातीवर क्रमांकाचा कागद टाचला होता. त्यावर नाव नव्हतं. 'सहायक ७' असं होतं.

"पत्र?" गुरुजींनी संग्रामला विचारलं.

"शर्यत झाली की देतो."

"त्या दिवशी तर म्हणालास, शर्यत नाही म्हणून."

संग्राम हसला आणि चौथऱ्यावर चढला. पिस्तूल वाजलं.

साडेबारा फेऱ्या. पहिल्या तीन फेऱ्यांत बाकीचे सहा सहायक गळाले. त्यांना तेवढंच काम होतं. राहिल्या दोघी. अन्विता यंत्रासारखी एकसारखी पळत होती आणि तिच्या उजव्या खांद्याला मंजुळा लागलेली. मंजुळाचं पळणं गुरुजींनी हजारदा पाहिलं होतं, पण असं कधीच नाही. पाय जमिनीला लागतात की नाही असं वाटावं. हा तिचा महिना होता. कोणत्याही चकतीने दिलेला नाही, आईच्या पोटातून आणलेला. गुरुजी कठडा घट्ट धरून उभे होते. आधी अभिमान वाटला, आणि पाठोपाठ हे सगळं शेवटच्या शंभर मीटरला वाया जायचंय हे आठवलं.

शेजारी एक परिचारिका हातातल्या पडद्यावर दोघींचे आलेख बघत होती. मध्यमवयीन, डोळ्यांवर झोप असलेली बाई.

"काका, ती सहायक सात तुमची का?"

"माझी विद्यार्थिनी."

"मग नंतर जपा हं तिला. चकती नाही तिला, पण शिखर बघा काय आहे. जिंकावं लागतं ते चकतीवाल्यांना, हिचं उपजत शिखर हरूनही संपतं; शेवटच्या फेरीत ही पण पूर्ण रिकामी होणार. चकतीवाल्यांना आम्ही पुन्हा भरतो. हिला कोण भरणार? तीन महिने कळशी उचलायचं त्राण राहायचं नाही."

गुरुजींना आधी नीट कळलंच नाही. मग त्यांनी बोटं मोजली. जून, जुलै, ऑगस्ट.

"आणि ही शर्यत पळालीच नसती तर?"

"तर हळूहळू ओसरतं ते. ऑगस्टपर्यंत निम्मं तरी राहतं. तरण्या पोरींचं जास्तच राहतं."

"सचिवांना हे ठाऊक आहे?"

"त्यांनीच तर निवडली," बाई सहज म्हणाली. "शिखरावरचीच लागते सोबतीला."

वयाची सूट देणार, सहीचं पत्र देणार, आणि त्या पत्रावर ऑगस्टात पळणार कोण, तर तीन महिने कळशी न उचलू शकणारी पोर. ती हरेल, घरी जाईल, मेंढरांमागे जाईल. कोणी रजिस्टर उघडणार नाही. गुरुजींना संग्रामचा संताप आला, तो फार टिकला नाही. खोडरबर कोणाच्या हातात होतं? हे पोरगं त्यांनीच घडवलं होतं. पदकासाठी तारीख हलवायची असते, हा धडा त्याने पंधराव्या वर्षी कोणाकडून घेतला? आणि कलम माहीत असून माळावर गप्प बसले ते कोण? गुरुजींना स्वतःच्या अंगाची शिसारी आली, घामाची, इस्त्रीच्या सदऱ्याची, खिशाला लावलेल्या लाल पेनाची.

सात फेऱ्या झाल्या होत्या. दर सव्वा मिनिटाने मंजुळा कठड्यासमोरून जात होती. एका खेपेला एक वाक्य, त्याहून जास्त वेळ मिळणार नव्हता. गुरुजी कठड्यावर ओणवे झाले.

आठव्या फेरीला ते म्हणाले, "मंजुळा, थांब." कर्ण्यांतली गर्दी ओरडत होती. तिने नुसतं बघितलं.

नवव्या फेरीला त्यांनी दोन्ही हात तोंडापाशी धरले. "हे लोक तुलाही रिकामं करतायत. ऑगस्टला काही उरणार नाही."

तिच्या कपाळाला आठी पडली. पावलं तशीच राहिली.

दहाव्या फेरीला तीच ओरडली. "पत्र?"

"पत्राचा उपयोग नाही," गुरुजी म्हणाले, पण तोवर ती वळणावर गेली होती.

चौथऱ्यावरून संग्राम उतरून येताना दिसला. त्याने दोन रक्षकांना खूण केली. अकराव्या फेरीचं वाक्य गुरुजींनी मनात जुळवलं, मोडलं, पुन्हा जुळवलं. पंचवीस वर्षं जे कोणाला सांगितलं नव्हतं ते सव्वा मिनिटात सांगण्याजोगं करायचं होतं.

ती आली.

"मी लिहून दिलं असतं तर तू तेव्हाच सुटली असतीस. मी भ्यालो. आता लिहून देतो."

मंजुळाने ऐकलं. ऐकल्याचं तिच्या मानेवरून कळलं. ती वळण घेऊन गेली, आणि समोरच्या बाजूला गुरुजींना ती पुन्हा दिसली. तिने अन्विताला मागे टाकलं होतं. पाच मीटर, सात मीटर. पळण्यात राग होता, आणि तो कोणावर आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पोरगी जिंकणार. सगळ्यांच्या नाकावर टिच्चून जिंकणार आणि तीन महिन्यांसाठी संपून जाणार. आणि तो निकाल कुठे लागणारही नाही, उपचाराच्या फायलीत पडून राहणार.

शेवटच्या फेरीची घंटा वाजली. एक रक्षक गुरुजींच्या दंडाला धरून मागे ओढत होता. मंजुळा वळणावरून आली, सगळ्यात पुढे, आणि कठड्यासमोर येताच तिने पावलं आवरली. दोन, तीन, चार टप्प्यांत ती चालायला लागली. मग धावपट्टी सोडून बाहेर आली. अन्विता तिच्या शेजारून निघून गेली, एकदा मागे वळून बघितलं, खांद्याशी कोणी नाही हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिचाही वेग आपोआप उतरला. तरी ती उरलेली फेरी पुरी करून रेषेपर्यंत गेली. कर्ण्यांतल्या चाळीस हजारांनी तिच्या नावाचा गजर केला. परिचारिकेने पडद्यावर बोट टेकवलं आणि जांभई देत म्हणाली, "नाही झाली रिकामी. दोघीही भरलेल्या."

संग्राम धावत येऊन पोचला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"गुरुजी, हे काय केलंत? सूट विसरा आता. पत्र विसरा."

गुरुजी मंजुळाकडे बघत होते. ती धापा टाकत कठड्याशी उभी होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या पायांकडे नाही, डोळ्यांकडे बघत होती. नजर मायेची नव्हती. त्यांना तशी अपेक्षाही नव्हती.

तिने छातीवरच्या टाचण्या काढल्या, 'सहायक ७' चा कागद उलटा केला आणि कोरी बाजू कठड्यावर ठेवली.

"लिवा," ती म्हणाली.

गुरुजींनी लाल पेन काढलं. अक्षर शाळेतलंच आलं, वळणदार. मी, रंगनाथ केंजळे, निवृत्त शिक्षक, लिहून देतो की खाली नावं दिलेल्या मुलांच्या जन्मतारखा मी माझ्या हाताने चुकीच्या नोंदवल्या. यात मुलांचा काही दोष नाही.

"विचार करून लिहा," संग्राम हळू म्हणाला. "तुमची भिंतीवरची फ्रेम जाईल. माझ्या घरी दोन मुलं आहेत."

गुरुजींनी ओळ आखली आणि एक आकडा घातला. मंजुळाला वाटलं आपलं नाव येणार. त्यांनी एक नंबरला लिहिलं, भोईटे संग्राम. मग दोन नंबरला, लवटे मंजुळा बिरा, जन्म पौष. बाकीचे बेचाळीस त्यांना पाठ होते. पण एक नंबरच्या पुढची जागा कोरीच राहिली. आईने आणलेल्या दाखल्यावरून उतरवलेली ती तारीख खोडली तेव्हापासून त्यांनी ती मुद्दामच विसरून टाकली होती.

त्यांनी मान वर केली. वर्गात हजेरी घेताना बघायचे तसं त्यांनी संग्रामकडे बघितलं.

"तुझी खरी तारीख सांग, संग्राम," ते म्हणाले. "मी थांबलोय."